उत्तर स्पेन रेल्वेने आणि बसने: नकाशावरची ती बारीक काळी रेघ

मुळाकाठ

नमस्कार. येत्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी, पत्नी आणि माझी ६८ वर्षांची आई असे तिघे उत्तर स्पेनला जाण्याचे ठरवत आहोत. एकूण १३ रात्री हाताशी आहेत. जाताना विमान बिल्बाओला उतरेल आणि परतीचे विमान सान्तिआगो दे कोम्पोस्तेलाहून आहे, त्यामुळे मधला सगळा किनारा पूर्वेकडून पश्चिमेकडे पार करायचा आहे. उजव्या बाजूने गाडी चालवण्याची मला सवय नाही, आणि सुट्टीभर शेजारी बसून नकाशा वाचणार नाही असे पत्नीने आधीच बजावले आहे. म्हणून मोटारीचा पर्याय बाद.

नकाशा पाहताना बिल्बाओपासून सान्तान्देर, ओव्हिएदो, रिबादेओ असे करत थेट फेरोलपर्यंत किनाऱ्याला चिकटून जाणारी एक बारीक काळी रेघ दिसली. ती रेल्वे आहे. माझा मनसुबा असा आहे की, संपूर्ण प्रवास याच रेल्वेने करावा. पहिले तीन दिवस सान सेबास्तियान, मग बिल्बाओ, सान्तान्देर, ओव्हिएदो, रिबादेओ आणि शेवटी सान्तिआगो. हे शहाणपणाचे आहे का? रेल्वेचा पास घ्यावा का? आई शाकाहारी आहे, अंडे केकमधले तेवढे चालते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चहाबाज

आपण नकाशा पाहून सहल ठरवता याचे कौतुक वाटले. आमच्या घरी आधी नाश्ता कुठे मिळेल ते ठरते आणि नकाशा त्यानंतर उघडला जातो.

रूळबदल

या धाग्याची मी बरीच वर्षे वाट पाहत होतो असे म्हटले तरी चालेल.

ती काळी रेघ म्हणजे मीटर गेज मार्ग आहे. स्पेनच्या जुन्या मुख्य मार्गांची रुंदी १,६६८ मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा (१,६७६) फक्त ८ मिलिमीटरने कमी. अतिवेगवान गाड्यांसाठी त्यांनी युरोपभर चालणारी १,४३५ मिलिमीटरची रुंदी घेतली. किनाऱ्याचा हा मार्ग मात्र एक मीटरचा राहिला, कारण डोंगर आणि खाड्यांच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात तीव्र वळणे घेत, कमी खर्चात रूळ टाकायचे तर अरुंद मार्गच परवडत होता. वेगवेगळ्या लहान कंपन्यांनी तुकड्यातुकड्याने तो बांधला. हे तुकडे पुढे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या फेवे या सरकारी कंपनीकडे आले, आणि पश्चिमेकडचा फेरोलचा शेवटचा दुवा तर १९७२ मध्ये पूर्ण झाला. २०१२ च्या अखेरीस फेवे विसर्जित झाली, तेव्हा गाड्या रेन्फेकडे (गाड्या चालवणारी सरकारी कंपनी) गेल्या आणि रूळ आदिफकडे (रूळ सांभाळणारी सरकारी संस्था). स्थानिक लोक अजूनही ‘फेवे’च म्हणतात, त्यामुळे रस्ता विचारताना हाच शब्द वापरावा.

आता वेळा. बिल्बाओ ते सान्तान्देर सुमारे तीन तास, सान्तान्देर ते ओव्हिएदो सुमारे पाच तास, आणि ओव्हिएदो ते फेरोल म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस. लांब पल्ल्याच्या गाड्या दिवसाला साधारण दोनच असतात. एक सुटली की दिवस गेला असे समजावे.

मी सान्तान्देरहून ओव्हिएदोला याच गाडीने गेलो आहे. डिझेलवर चालणारी दोन डब्यांची गाडी, डब्यात पंधरा-वीस माणसे. निलगिरीच्या फांद्या काचेवर खरखरत जातात, बोगदा संपतो, एखादे कुरण आणि त्यात दोन गाई दिसतात, आणि पुन्हा बोगदा लागतो. समोरच्या आजींच्या पिशवीतून कोबीची पाने बाहेर डोकावत होती आणि त्या तिकीट तपासनिसाशी गाव येईपर्यंत हुज्जत घालत होत्या, बहुधा पावसावरून. लहान थांब्यांपैकी अनेक ठिकाणी गाडी मागणी असेल तरच थांबते, हे मला ठाऊक होते, तरीही मी गप्पांत रमलो आणि सांगायचे विसरलो. माझा थांबा माझ्या डोळ्यांदेखत मागे गेला. पुढच्या थांब्यावर उतरून परतीच्या गाडीची मी अडीच तास वाट पाहिली. सोबतीला कुंपणापलीकडची एक गाय होती.

थोडक्यात, अवश्य जा, आणि संपूर्ण मार्गाने जा.

अनघा_प्रवासी

रूळबदल यांचे वर्णन वाचून कोणालाही गाडीत बसावेसे वाटेल, आणि मला त्यातच धोका दिसतो. अडीच तास गाईसोबत बसणे त्यांना मानवले. ६८ वर्षांच्या आईंना ते मानवेलच असे नाही.

मी हाच किनारा वडिलांबरोबर केला आहे, मुख्यतः बसने. सान सेबास्तियान ते बिल्बाओ हे अंतर जेमतेम १०० किलोमीटर आहे. बसला सव्वा तास लागतो. बास्क सरकारच्या एउस्कोत्रेनची मीटर गेज गाडी तेच अंतर अडीच तासांहून जास्त वेळात कापते. रेन्फेचीही या दोन शहरांमध्ये सोयीची थेट गाडी नाही. बास्क प्रदेशातल्या तीन प्रांतांच्या राजधान्यांना जोडणारा नवा अतिवेगवान मार्ग बांधला जात आहे, पण तो पूर्ण व्हायचा आहे. बिल्बाओ ते सान्तान्देर बसने दीड तासाच्या आत होते. बसमध्ये आसन क्रमांक ठरलेला असतो, सामान खाली पोटात जाते आणि चालक वेळेला पक्के असतात. आपल्याकडे बसचा प्रवास म्हणजे नाइलाज आणि रेल्वेचा म्हणजे आराम असे समीकरण मनात बसलेले असते. उत्तर स्पेनमध्ये ते बहुतेक ठिकाणी उलटे करावे लागते.

पासबद्दल: घेऊ नका. किनाऱ्यावरची तिकिटे मुळातच स्वस्त आहेत, पासावर बस चालत नाहीत, आणि वेगवान गाड्यांचे आरक्षण पास असूनही वेगळे पैसे भरून करावे लागते.

चहाबाज

मागणी असेल तरच गाडी थांबते, हे वाचून ‘हात दाखवा, एस.टी. थांबवा’ आठवले. युरोप आपल्यापेक्षा फार पुढे नाही.

बिस्केकाठी

मी गेली सहा वर्षे बिल्बाओत राहत आहे, म्हणून काही बारीकसारीक गोष्टी सांगतो, कारण घोटाळे तिथेच होतात.

पहिली गोष्ट, विमानतळावरून सान सेबास्तियानला थेट बस आहे. त्यामुळे पहिला मुक्काम तिथे असेल तर सामान घेऊन आधी बिल्बाओ शहरात येण्याचे काहीच कारण नाही. टर्मिनलच्या बाहेर शहराची बस आणि ही बस यांच्या रांगा वेगळ्या आहेत, एवढे पाहा. सान सेबास्तियानचे बसस्थानक जमिनीखाली आहे आणि रेन्फेच्या स्थानकाला लागून आहे. एउस्कोत्रेनचे आमारा स्थानक मात्र नदीच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या ठिकाणी आहे. बिल्बाओतही बसस्थानक जमिनीखालीच आहे, सान मामेस मैदानाजवळ. सान्तान्देरला तोच प्रकार. बाहेरून फलाट दिसत नाहीत म्हणून लोक चौकात गोल फिरत राहतात.

दुसरी गोष्ट, बिल्बाओत दोन रेल्वेस्थानके अगदी जवळजवळ आहेत. आबान्दो हे मोठे स्थानक. त्याच्या आतले भव्य रंगीत काचचित्र गाडी पकडायची नसली तरी पाहून यावे. सान्तान्देरची मीटर गेज गाडी तिथून सुटत नाही, ती शेजारच्या ला कोन्कोर्दिया स्थानकातून सुटते. नदीकाठचा हिरवा-पिवळा दर्शनी भाग पाहून ते नाट्यगृह असावे असे वाटते.

तिसरी गोष्ट आईंसाठी. गुगेनहाइम संग्रहालय सगळेच पाहतात. त्याबरोबर मेट्रोने आरेएता स्थानकापर्यंत जा आणि १८९३ चा बिस्काया पूल पाहा. नदीवर उंच लोखंडी सांगाडा आहे आणि त्याला तारांनी टांगलेला एक पाळणा माणसे आणि मोटारी घेऊन या काठावरून त्या काठावर जातो. तो दोन-तीन मिनिटांचा प्रवास माझ्या आईला संग्रहालयापेक्षा जास्त आवडला होता.

आणि छत्री नको, टोपीचे जर्किन घ्या. इथला पाऊस वरून पडत नाही, बाजूने येऊन अंगावर बसतो.

सुगरण_नसलेली

खाण्याविषयी कोणीच लिहिलेले नाही, म्हणून मी लिहिते.

‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. सुकवलेले डुकराचे मांस, म्हणजे हामोन, आणि ट्यूना मासा हे दोन्ही अनेकांच्या लेखी ‘मांस’ या शब्दात येत नाहीत. मी मांसाशिवायचे सॅलड मागितले, तर वर ट्यूनाचा ढीग आला आणि वाढणारी मुलगी मनापासून गोंधळली. ‘नि कार्ने, नि हामोन, नि पेस्कादो’ (मांस नको, हामोन नको, मासा नको) हे वाक्य पाठ करून जावे. आस्तुरियासची फाबादा ही पांढऱ्या घेवड्याची उसळ दिसायला निरागस असते, पण तिच्यात डुकराचे मांस असतेच.

आईंना अंडे चालत नसेल तर बटाट्याची तोर्तिया बाद होते, आणि ही खरी अडचण आहे, कारण शाकाहारी माणसाला सगळ्यात सहज मिळणारा पदार्थ तोच आहे. मग पादरोनच्या लहान हिरव्या मिरच्या (तेलात तळून वर जाडे मीठ, बहुतेक गोड्या, एखादी तिखट निघते), भाजलेल्या भाज्या, चीज, पाव, टोमॅटो आणि फळे. सान्तिआगोचा बदामाचा केक मात्र त्यांच्या नियमात बसतो! जेवणाच्या वेळा सांभाळा. दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊच्या पुढे. संध्याकाळी सातला भुकेलेला मराठी माणूस तिथे अनाथ असतो. राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घेतली तर निम्मा प्रश्न सुटेल.

निवृत्त_पण_चालते

माझे मत वेगळे आहे. एवढी खटपट करण्यापेक्षा माद्रिदहून वेगवान गाडीने ओव्हिएदोला जावे. पाहारेसचा घाट पूर्वी १८८४ च्या वळणावळणांच्या मार्गाने चढावा लागत असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे २५ किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यापासून तीन तासांच्या थोडे वर वेळ लागतो. तिथे मुक्काम करून आसपास फिरावे.

अनघा_प्रवासी

काका, सूचना चांगली आहे, पण त्यांची विमाने बिल्बाओ आणि सान्तिआगोची आहेत. किनारा पाहायला निघालेल्या माणसाला माद्रिदमार्गे पाठवणे म्हणजे रत्नागिरीहून गोव्याला सोलापूरवरून नेण्यासारखे आहे.

चहाबाज

बोगद्यांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. याच मार्गासाठी मागवलेल्या गाड्या बोगद्यांत मावत नव्हत्या, ही बातमी खरी होती की कोणीतरी रचलेला विनोद?

रूळबदल

खरी होती. २०२० मध्ये आस्तुरियास आणि कान्ताब्रिया या किनाऱ्यावरच्या दोन प्रदेशांसाठी ३१ गाड्यांची सुमारे २५.८ कोटी युरोंची मागणी नोंदवली गेली होती. तिथले बोगदे १९ व्या शतकापासूनचे, प्रत्येकाचे माप वेगळे. दिलेली मापे प्रत्यक्षातल्या बोगद्यांशी जुळत नसल्याचे उत्पादकाच्या लक्षात आले. हे गाड्या बांधण्याच्या आधीच उघडकीस आले, त्यामुळे बोगद्यात गाडी अडकली वगैरे चित्रे खोटी आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेन्फेचे अध्यक्ष आणि वाहतूक खात्याच्या सचिव, दोघांनाही पद सोडावे लागले. तोवर जुन्याच गाड्या धावत राहिल्या, आणि निलगिरीच्या फांद्या त्यांच्याच काचांवर खरखरत राहिल्या.

मुळाकाठ

सर्वांचे आभार. एवढ्या तपशिलाने उत्तरे येतील असे वाटले नव्हते.

आईला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली की, समुद्र दिसत असेल तर मी पाच तास काय, सात तास बसेन. तेव्हा रूळबदल यांना थेट प्रश्न: गाडीतून समुद्र किती दिसतो?

रूळबदल

हा प्रश्न कोणी विचारू नये अशी माझी इच्छा होती.

प्रामाणिक उत्तर असे की, नकाशावर दिसतो त्यापेक्षा बराच कमी. त्या प्रमाणात रेघ किनाऱ्याला चिकटलेली वाटते, पण गाडी पुष्कळ वेळ दोन-चार किलोमीटर आतून, दऱ्यांमधून जाते. बिल्बाओ ते सान्तान्देर या टप्प्यात तर कारखाने, उपनगरे आणि डोंगर यांचेच दर्शन जास्त होते. आपली कोकण रेल्वे कोकणातून जाते म्हणून समुद्र दाखवतेच असे नाही, तसेच हे आहे.

आईंचे म्हणणे वाचल्यावर मी माझा आग्रह आवरता घेतो. सगळा मार्ग करू नका, दोन तुकडे करा. पहिला यानेस (सान्तान्देर आणि ओव्हिएदो यांच्या मधले किनाऱ्यावरचे गाव) ते ओव्हिएदो. यानेस ते रिबादेसेया या भागात डावीकडे डोंगर आणि उजवीकडे अधूनमधून समुद्र असतो, त्यानंतर आरिओन्दासपर्यंत गाडी सेया नदीच्या काठाने जाते. अडीच-तीन तासांत ओव्हिएदो येते. दुसरा तुकडा रिबादेओ ते फेरोल, साधारण तीन तासांचा, आणि माझ्या मते अख्ख्या मार्गातला सर्वात सुंदर. विवेइरो, ओ बार्केइरो आणि ओर्तिगेइरा या खाड्या एकामागून एक येतात. पश्चिमेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणून खिडकी उजवीकडची धरा. या गाडीत आसन क्रमांक नसतो, जो आधी चढेल त्याची खिडकी. उरलेल्या अंतरासाठी बस घ्या. अनघाताईंचे म्हणणे तेवढ्यापुरते मान्य.

अनघा_प्रवासी

तेवढ्यापुरते का होईना, मान्य केले याची नोंद घेतली आहे.

डोंगरदऱ्या

यानेसला मुक्काम होणार असेल तर पिकोस दे एउरोपा हे पर्वत हाकेच्या अंतरावर येतात, आणि ते टाळणे चूक ठरेल. मोटारीशिवाय दोन मार्ग आहेत. एक, पोतेसमार्गे फुएन्ते देला जाऊन तिथल्या दोरवाटेने वर जाणे. ही दोरवाट १९६६ ची आहे आणि एका झेपेत ७५३ मीटर वर चढवते. पण बसच्या वेळा जुळवताना अख्खा दिवस जातो, आणि वर धुके असेल तर पांढऱ्या भिंतीकडे पाहून परत यावे लागते. दुसरा, कांगास दे ओनिसहून कोवादोंगाला जाणे. तिथे कड्याच्या पोटातल्या गुहेत देवीचे देऊळ आहे, खाली धबधबा आहे. आणखी वर एनोल आणि एर्सिना ही दोन तळी आहेत. मोसमात दिवसा खासगी मोटारींना वर बंदी असते आणि सगळ्यांना बसनेच जावे लागते. मोटार नसलेल्याला मोटार असलेल्याइतकेच महत्त्व मिळण्याची अशी संधी क्वचित येते. आईंना घेऊन मी दुसराच मार्ग निवडेन.

वारकरी_नातू

सान्तिआगोचा विषय निघालाच आहे तर तिथल्या कॅथेड्रलपर्यंत पायी जाण्याची जी जुनी यात्रा आहे, तीत थोडे चालूनही घ्या असे सुचवतो. शेवटचे १०० किलोमीटर चालणाऱ्याला यात्रेचे प्रमाणपत्र मिळते, म्हणून बहुतेक लोक सारियापासून सुरुवात करतात. आपल्या वारीची आठवण...

अनघा_प्रवासी

१३ रात्रींत पाच-सहा दिवस चालण्यात घालवले तर रेल्वे आणि बस, दोन्हीवरची चर्चा वाया जाईल. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. २५ जुलै रविवारी आला की तिथे पवित्र वर्ष असते आणि पुढचे २०२७ मध्ये आहे, त्यामुळे त्या वर्षी जाणाऱ्यांनी खोल्यांची सोय आधी पाहावी.

सागर_ओहोटी

रिबादेओला राहणार असाल तर तिथून दहा-एक किलोमीटरवरचा ‘कॅथेड्रलांचा किनारा’ पाहालच. समुद्राने खडकांत प्रचंड कमानी कोरल्या आहेत आणि ओहोटीच्या वेळी त्यांच्याखालून चालता येते. भरतीला वाळूच शिल्लक राहत नाही. वरून कठड्यावरून पाहावे लागते. म्हणून आधी ओहोटीची वेळ पाहा, मग बसचे तिकीट काढा. बरेच लोक नेमके उलटे करतात, त्यांत मीही होतो. ऐन उन्हाळ्यात आणि ईस्टरच्या आठवड्यात खाली उतरण्यासाठी आगाऊ नोंदणी लागते, ती विनामूल्य आहे. गावातून टॅक्सीने जावे.

मुळाकाठ

सर्वांच्या सूचना एकत्र करून नवा आराखडा केला आहे. सान सेबास्तियान तीन रात्री, विमानतळावरून थेट बसने. बिल्बाओ दोन. तिथून बसने यानेस, दोन रात्री, त्यात एक दिवस कोवादोंगा. यानेस ते ओव्हिएदो रेल्वेने, तिथे दोन रात्री. सान्ता मारिया देल नारान्को हा ९ व्या शतकातला राजवाडा पाहायचा आहे. ओव्हिएदो ते रिबादेओ बसने, एक रात्र. रिबादेओ ते फेरोल रेल्वेने, फेरोलहून आ कोरुन्यामार्गे त्याच दिवशी सान्तिआगो, तीन रात्री. सान्तान्देर गाळले, त्यामुळे आल्तामिराच्या गुहेची प्रतिकृतीही राहून जाईल, याचे वाईट वाटते. व्हिसासाठी राहण्याची आरक्षणे दाखवावी लागतील, म्हणून ती रद्द करता येणारीच केली आहेत. ११ जूनला निघत आहोत आणि २४ ला परतत आहोत. काही चुकत असल्यास सांगावे.

बिस्केकाठी

दोन गोष्टी. तुमच्या हिशोबाने रिबादेओ ते फेरोल हा प्रवास २१ तारखेला येतो आणि त्या दिवशी रविवार आहे. रविवारी या मार्गावर गाड्या कमी असतात आणि फेरोलहून पुढच्या बसही. तो सोमवारी न्या.

दुसरे, २३ जूनची रात्र म्हणजे सान हुआन, संत जॉनच्या सणाची रात्र. आ कोरुन्याच्या रिआसोर आणि ओर्सान या किनाऱ्यांवर रात्रभर शेकोट्या पेटतात, सगळे गाव वाळूत बसलेले असते. तुम्ही त्या रात्री रेल्वेने अर्ध्या तासावर असताना झोपून राहणार आहात.

मुळाकाठ

आता बदलले. रिबादेओला दोन रात्री, २२ ला सोमवारी रेल्वेने फेरोल आणि तिथून बसने आ कोरुन्या. २२ आणि २३ तिथेच. २३ ला सकाळी रेल्वेने सान्तिआगोला जाऊन कॅथेड्रल पाहून संध्याकाळपर्यंत परत, आणि २४ ला थेट विमानतळ. आ कोरुन्यात त्या दोन रात्रींच्या खोल्या भराभर संपत आहेत असे दिसले, म्हणून हे लिहिण्याआधीच एक घेऊन टाकली. तिला स्वयंपाकघर आहे. रिबादेओत ओहोटी कोणत्या वेळी आहे ते पत्नी पाहत आहे.

आईने विचारले आहे की, मागणीच्या थांब्यावर उभे राहिल्यास हात कोणता दाखवायचा.

रूळबदल

कोणताही चालेल, पण गाडी दिसल्याबरोबर दाखवायला सांगा.